घर खायला उठतं तेव्हा : अभिव्यक्तिवादाची सोपी ओळख

दोन्ही गालांवर हात, उघडं तोंड, विस्फारलेले डोळे, निळं पडलेलं कपाळ. व्हॉट्सअॅपवर घाबरल्याचं दाखवायला आपण जो चेहरा पाठवतो, त्यावर एका चित्राची छाप उघड दिसते. नॉर्वेच्या एडवर्ड मुंकने 1893 मध्ये पुठ्ठ्यावर काढलेलं हे चित्र जेमतेम तीन फूट उंच आहे. मराठीत त्याला ‘किंकाळी’ म्हणतात. ते आपण इतक्या ठिकाणी इतक्या वेळा पाहिलेलं असतं की नीट असं कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कठड्याच्या रस्त्यावर एक माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे. मागे खाडी आहे, वर लाल-पिवळ्या पट्ट्यांचं आभाळ आहे. आभाळाला जी वळणं आहेत तीच खाडीच्या काळ्या-निळ्या पाण्याला आहेत, तीच किनाऱ्याला आणि तीच त्या माणसाच्या अंगाला. सगळं चित्र पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखं हेलकावतं. सरळ आहेत त्या दोनच गोष्टी : तो कठड्याचा रस्ता, आणि त्यावरून पाठीमागे चालत जाणारी दोन माणसं.

ही दोन माणसं कोण, हे मुंकने लिहून ठेवलंय. दोन मित्रांबरोबर तो फिरायला निघाला होता. सूर्य मावळत होता आणि आभाळ एकाएकी रक्तासारखं लाल झालं. तो थकून कठड्याला टेकला, मित्र पुढे चालत राहिले, आणि सगळ्या निसर्गातून एक प्रचंड किंकाळी जातेय असं त्याला जाणवलं. म्हणजे चित्रातल्या माणसाने हात गालांवर ठेवलेले नाहीत, कान झाकलेत. किंकाळी आभाळातून, पाण्यातून येतेय आणि त्याला ती सहन होत नाही. आता ते दोन मित्र पुन्हा बघा. त्यांना काहीच ऐकू आलेलं नाही. म्हणून ते सरळ आहेत.

एवढं दिसलं की अभिव्यक्तिवाद अर्धा समजलाच. उरलेला अर्धा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे.

मुलगी लग्न होऊन गेली की आई म्हणते, घर खायला उठतं. नोकरी गेल्याचं कळताच पायाखालची जमीन सरकते. आभाळ फाटतं, डोळ्यांपुढे अंधार येतो, भिंती अंगावर येतात. यातलं एकही वाक्य कॅमेऱ्यात पकडता येणार नाही. घर होतं तिथेच असतं आणि जमीनही तसूभर हललेली नसते. तरी ती आई खोटं बोलतेय असं कुणी म्हणत नाही. उलट ‘आता घरात दोनच माणसं असतात’ हे मोजूनमापून सांगितलेलं वाक्य शंभर टक्के खरं असूनही तिच्या मनाबद्दल काही सांगत नाही. अभिव्यक्तिवादी कलावंत हे वाक्प्रचार शब्दशः घेतो. घर खायला उठलं असेल तर तो घराला जबडा काढतो. जमीन सरकली असेल तर रस्ता तिरका करतो. बाहेरच्या वस्तूंना मनातल्या अवस्थेचा आकार देणं म्हणजे अभिव्यक्तिवाद.

‘अभिव्यक्तिवाद’ हा ‘एक्स्प्रेशनिझम’ला रुळलेला मराठी प्रतिशब्द. तो थोडा फसवा आहे. अभिव्यक्ती तर सगळ्याच कलेत असते, मग याच पंथाला ते नाव का, असं वाटतं. त्याच्या आधीच्या पंथाशेजारी ठेवला की तो स्पष्ट होतो. फ्रान्समधले इम्प्रेशनिस्ट, ज्यांना आपल्याकडे दृक्प्रत्ययवादी म्हणतात, ते उघड्यावर जाऊन समोरचा प्रकाश टिपायचे. मोने एकाच शेतातल्या गव्हाच्या गंजी सकाळी, दुपारी, बर्फात, धुक्यात पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. तिथे वाट बाहेरून आत येते : प्रकाश डोळ्यावर पडतो आणि डोळा तो कॅनव्हासवर उतरवतो. अभिव्यक्तिवादात ती उलटी होते. आतलं काहीतरी बाहेर उसळतं आणि समोरच्या जगाला वाकवतं. व्हॅन गॉगने 1888 मध्ये रात्री उघड्या असणाऱ्या एका कॅफेचं चित्र काढलं आणि भावाला लिहिलं की माणसाच्या भयंकर वासना मला लाल आणि हिरव्यातून दाखवायच्या होत्या. लाल-हिरवा हा त्या भिंतींचा रंग नाही, तिथे बसणाऱ्याच्या मनाचा आहे. ही वाट मुंक आणि व्हॅन गॉग दोघांनीही मोकळी केली. त्यावरून पुढे चालले ते मुख्यतः जर्मन.

‘मॉडर्न आर्ट’ म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांची एक नेहमीची शंका असते : यांना सरळ काढता येत नव्हतं म्हणून वाकडं काढलं. म्हणून सांगतो, 7 जून 1905 रोजी ड्रेस्डेन शहरात ज्या चौघांनी अभिव्यक्तिवादाचा पहिला गट काढला ते चौघेही वास्तुकलेचे विद्यार्थी होते. अर्न्स्ट लुडविग किर्शनर, एरिक हेकेल, कार्ल श्मिट-रोटलुफ आणि फ्रिट्झ ब्लाइल. इमारतींचे नकाशे काढायला शिकलेली ही मुलं, सरळ रेघ त्यांच्या अभ्यासातच होती. गटाचं नाव त्यांनी ‘ब्रुके’ ठेवलं, म्हणजे पूल. कामगार वस्तीतल्या एका रिकाम्या दुकानात स्टुडिओ थाटला, फर्निचर स्वतः कोरलं, आणि 1906 चा जाहीरनामासुद्धा टाइप न जुळवता लाकडात कोरून छापला.

हे लाकूड महत्त्वाचं आहे. वुडकट म्हणजे लाकडी ठशावरून केलेली छपाई. सपाट फळीवर चित्र आखायचं, जिथे पांढरं हवं तो भाग पटाशीने कोरून काढायचा, उरलेल्या उंचवट्यावर रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचा. चित्र उलटं उमटतं, उजव्याचं डावं होतं. यात करडा रंग मिळत नाही, कोळशासारखं बोटाने पसरवता येत नाही, चुकलेलं खोडता येत नाही. शिवाय लाकूड अडतं. लाकडाच्या रेषांना आडवी पटाशी नेली तर कपची उडते, गोल गाल कोरायला जावं तर कोन येतो. तासून गुळगुळीत करणारे कारागीर युरोपात शेकड्याने होते. या पोरांनी ती कपची तशीच ठेवली. हाताचा जोर आणि लाकडाचा विरोध, दोन्ही कागदावर दिसतात. पुढे त्यांच्या तैलचित्रांतले चेहरे टोकदार दिसू लागले त्याचं मूळ मला या फळ्यांत दिसतं.

1911 मध्ये ही मंडळी बर्लिनला आली. 1877 च्या सुमाराला 10 लाख वस्तीचं असलेलं हे शहर 1905 पर्यंत 20 लाखांवर गेलं होतं. ट्राम, विजेच्या जाहिराती, रात्रभर जागे रस्ते, आणि कुणी कुणाला ओळखत नाही अशी गर्दी. किर्शनरने 1914 मध्ये काढलेलं ‘पोट्सडामर प्लात्झ’ हे बर्लिनमधल्या एका चौकाचं चित्र माणसाएवढ्या उंचीचं आहे. चौकातल्या एका गोल बेटावर दोन उंच स्त्रिया उभ्या आहेत, एकीच्या चेहऱ्यावर विधवेची काळी जाळी. बेट असं कललंय की त्या कुठल्याही क्षणी आपल्या अंगावर घसरतील. मागचे पुरुष काळ्या पाचरींसारखे. कुणीही कुणाकडे बघत नाही. मुंबईत पहिल्यांदा एकटं उतरलेल्या माणसाला दादर स्टेशनच्या पुलावर जे वाटतं, ते या चित्रात आहे.

त्याच वर्षी पहिलं महायुद्ध लागलं. किर्शनर सैन्यात गेला आणि काही महिन्यांतच मनाने कोसळून परत आला. 1915 मध्ये त्याने स्वतःचं चित्र काढलं : अंगावर गणवेश, तोंडात सिगारेट, आणि उजवा हात मनगटापासून तुटलेला, रक्ताळलेला. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता. त्याच हाताने तर त्याने हे चित्र रंगवलं. ‘माझे हातच गेले’ असं आपण म्हणतो ना, ते त्याने काढून दाखवलं.

म्युनिकमध्ये 1911 पासून दुसरा गट होता, ‘ब्लाउअर रायटर’, म्हणजे निळा घोडेस्वार. कांडिन्स्की, फ्रान्झ मार्क, गाब्रिएले म्युंटर ही त्यातली मोठी नावं. ड्रेस्डेनच्या पोरांपेक्षा ही माणसं शांत आणि चिंतनशील. मार्कने घोडे निळे रंगवले, कारण निळा त्याच्या लेखी आत्म्याचा रंग होता. कांडिन्स्की तर वस्तू सोडून निव्वळ रंग आणि आकारांपर्यंत गेला. अभिव्यक्तिवाद आणि अमूर्त चित्रकला एकच, असा गैरसमज इथून सुरू होतो. अमूर्त हा त्याचा एक फाटा आहे. मार्क 1916 मध्ये व्हर्दूनच्या लढाईत मारला गेला. तेव्हा तो 36 वर्षांचा होता.

आणि केटे कोलवित्झ. ती कुठल्याच गटात नव्हती, तिला अभिव्यक्तिवादी म्हणावं की नाही यावर अभ्यासक वाद घालतात. मला तिला वगळून हा विषय सांगताच येत नाही. बर्लिनच्या गरीब वस्तीत तिचा नवरा कार्ल डॉक्टर होता. 1914 मध्ये धाकटा मुलगा पीटर, वय 18, युद्धावर जायला निघाला. वडिलांची परवानगी लागत होती आणि ते तयार नव्हते. केटेने त्यांना राजी केलं. ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या आघाडीवर पीटर मारला गेला.

त्याच्यासाठी स्मारक करायचं तिने लगेच ठरवलं. ते व्हायला 18 वर्षं लागली. मधल्या काळात, 1920 मध्ये, तिने जर्मन शिल्पकार अर्न्स्ट बार्लाखचे वुडकट पाहिले आणि आपलं माध्यम सापडल्यासारखं लाकडाकडे वळली. ‘युद्ध’ या तिच्या मालिकेत सात वुडकट आहेत. त्यातल्या एकात आई-वडील गुडघ्यांवर बसून एकमेकांत इतके मिसळलेत की दोन शरीरं राहिलीच नाहीत, एक काळा ढिगारा झालाय. चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. वेडंवाकडं काही नाही, लाल आभाळ नाही. पण दुःखाने माणसाचा दगड होतो हे आपण ज्या अर्थाने म्हणतो त्याच अर्थाने ते चित्र खरं आहे. पुढे 1932 मध्ये स्मारक उभं राहिलं तेव्हा त्यात पुन्हा आई-वडील गुडघे टेकून बसलेत, चेहरे तिचे आणि कार्लचे. पण आता दोघं वेगवेगळ्या चौथऱ्यांवर आहेत. वडील ताठ, हात स्वतःच्याच छातीशी घट्ट धरलेले, आई खाली वाकलेली. दहा वर्षांपूर्वीचा एक ढिगारा आता दोन झाला होता. बेल्जियममधल्या व्लाड्सलोच्या दफनभूमीत ते शिल्प आहे आणि पीटरची कबर त्याच्या समोर.

चित्रात ‘ही नजर कुणाची?’ या प्रश्नाचं उत्तर सोपं असतं : चित्रकाराची. नाटकात ते अवघड होतं. रंगमंचावर दहा माणसं असतात, प्रत्येकाला स्वतःचं मन असतं. जर्मन नाटककारांनी यावर धाडसी उपाय काढला. एकाच पात्राला मन द्यायचं आणि बाकीचं सगळं नाटक त्याच्या डोळ्यांतून दाखवायचं. स्वीडनच्या स्ट्रिंडबर्गने 1901 मध्ये एका नाटकाला स्वप्नाचा आकार देऊन हा रस्ता दाखवला होता. स्वप्नात माणसं बदलतात, जागा बदलतात, पण स्वप्न पाहणारा एकच असतो.

गेओर्ग कायझरचं ‘सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत’ हे नाटक 1917 मध्ये म्युनिकला रंगभूमीवर आलं. नायकाला नाव नाही, तो नुसता ‘कॅशियर’. पिंजऱ्यामागे बसून तो वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजतोय. एक परदेशी बाई काउंटरवर येते, तिच्या हाताचा ओझरता स्पर्श होतो, आणि हा माणूस 60,000 मार्क घेऊन पळतो. बाई त्याला झिडकारते. मग तो बर्फाळ माळावर, आपल्या घरी, सायकल शर्यतींच्या स्टेडियममध्ये, कॅबरेत आणि शेवटी साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या सभागृहात जातो. या पैशात विकत घेण्यासारखं काही आहे का, एवढंच तो शोधतोय. माळावर एका झाडाच्या फांद्यांचा सांगाडा होतो आणि तो त्याच्याशी बोलतो. शेवटी तो नोटा गर्दीत भिरकावतो. पश्चात्तापाची भाषा करणारी माणसं त्या नोटांवर तुटून पडतात, आणि ज्या मुलीवर त्याने विश्वास टाकला तीच बक्षिसासाठी पोलिसांना बोलावते.

सुरुवात-मध्य-शेवट अशी चढती गुंफण इथे नाही. एक ठिकाण, मग दुसरं, मग तिसरं. क्रूस वाहून नेणाऱ्या येशूच्या वाटेवर 14 स्थानकं मानतात, वसई किंवा गोव्याच्या चर्चमध्ये भिंतींवर ती पाहिली असतील. त्यावरूनच या रचनेला ‘स्थानकांचं नाटक’ म्हणतात. संवाद तारेच्या मजकुरासारखे तुटक असतात. पात्रांना नावांऐवजी हुद्दे असतात, कारण नायकाच्या लेखी ती माणसं नसून ‘मॅनेजर’, ‘बायको’, ‘बाई’ एवढीच असतात. एर्न्स्ट टोलरने तुरुंगात लिहिलेल्या नाटकात शेअर बाजारातले बँकर चक्क फॉक्सट्रॉट नाचतात. लेओपोल्ड येसनरने 1920 मध्ये बर्लिनला शेक्सपिअरचा ‘तिसरा रिचर्ड’ केला तेव्हा राजवाडा, रणांगण असं काहीच उभं केलं नाही. एक भला मोठा लाल जिना ठेवला. राजा वर चढला की सत्तेवर चढला, खाली आला की संपला.

या काळातली सगळीच नाटकं आज वाचवतात असं मात्र नाही. ‘हे मानवा!’ छापाची लांबलचक आवाहनं त्यांत फार आहेत आणि कानठळ्या बसतात. कायझर टिकला तो त्याचा कॅशियर ओरडत नाही, पैसे मोजतो, म्हणून.

अमेरिकेने हे तंत्र उचललं ते लगेच. एल्मर राइसच्या 1923 मधल्या नाटकात 25 वर्षं बेरजा करणाऱ्या कारकुनाचं नाव मिस्टर झीरो, आणि त्याची जागा घेतं ते बेरजेचं यंत्र. पुढे 1949 मध्ये आर्थर मिलरने एका फिरत्या विक्रेत्याची शोकांतिका लिहिली, तिचं आधीचं नाव ‘त्याच्या डोक्याच्या आत’ असं होतं. त्या घराच्या भिंती रंगमंचावर नुसत्या रेषांनी दाखवलेल्या आहेत. प्रसंग वर्तमानातला असेल तर नटांनी दारातूनच यायचं-जायचं. प्रसंग विलीच्या, म्हणजे त्या म्हाताऱ्या विक्रेत्याच्या, आठवणीतला असेल तर त्यांनी सरळ भिंतीतून चालत यायचं. आठवणीला भिंत अडवत नाही, हे सांगायला एकही संवाद खर्ची पडत नाही. आज मराठी रंगभूमीवर नायकाच्या मनातलं दृश्य सुरू होताना प्रकाश बदलतो आणि माणसं विंगेऐवजी अंधारातून उगवतात, तेव्हा आपण ते सहज स्वीकारतो. ही सवय प्रेक्षकांना कुणीतरी कधीतरी लावलेली असते.

सिनेमाची गोष्ट आणखी गमतीची आहे, कारण कॅमेरा हा मुळात दृश्याचा गुलाम. समोर सरळ भिंत असेल तर तो सरळच टिपणार. रॉबर्ट वीनेच्या ‘डॉक्टर कालिगारीचं कॅबिनेट’ या चित्रपटाने, 26 फेब्रुवारी 1920 रोजी तो बर्लिनमध्ये झळकला, यावर सरळ मार्ग काढला : कॅमेऱ्यासमोरचं जगच वाकडं उभारायचं. हर्मान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर रोरिग या नेपथ्यकारांनी कापडावर गाव रंगवलं. घरं एकमेकांवर कललेली, खिडक्या पतंगाच्या आकाराच्या, सरकारी कारकून डोक्याएवढ्या उंच स्टुलावर. आणि सावल्या? त्याही रंगवलेल्या. दिवा कुठेही असो, सावली चित्रकाराने ठरवली तिथेच पडणार.

गोष्ट अशी की जत्रेत खेळ करणारा डॉक्टर कालिगारी, झोपेत चालणाऱ्या चेझारेकडून खून करवतो. फ्रान्सिस नावाचा तरुण हे सगळं एका बाकावर बसून सांगतोय. शेवटी कळतं की फ्रान्सिस वेड्यांच्या इस्पितळात आहे आणि ज्याला तो कालिगारी म्हणतो तो तिथला प्रमुख डॉक्टर. प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो : हा वाकडेपणा वेड्याच्या नजरेचा होता तर! पण जरा थांबा. शेवटच्या भागात आपण फ्रान्सिसच्या गोष्टीतून बाहेर आलेले आहोत, तरी इस्पितळाच्या अंगणातल्या फरशीवर त्याच तिरप्या, किरणांसारख्या पसरलेल्या रेषा आहेत ज्या त्याच्या गोष्टीत होत्या. अंगण सरळ झालेलं नाही. मग ही नजर कुणाची? चित्रपट याचं उत्तर देत नाही. इंटरनेटवर तो पूर्ण पाहता येतो, सव्वा तासाचा आहे. ते अंगण शोधाच.

रंगवलेल्या कापडांचा मार्ग तिथेच संपणार होता, कारण प्रत्येक चित्रपट असा करता येत नाही. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊने 1922 मध्ये ‘नोस्फेराटू’साठी खऱ्या गावांत, खऱ्या किल्ल्यात कॅमेरा नेला आणि वाकडेपणाचं काम सावलीवर सोपवलं. रक्तपिपासू जिना चढतो तेव्हा आपल्याला तो दिसत नाही, भिंतीवरची त्याची लांब नखांची सावली दिसते. मग त्या हाताची सावली नायिकेच्या छातीवर सरकते आणि मूठ आवळते. काळजाला हात घातला, हे यापेक्षा शब्दशः दाखवता येईल असं मला वाटत नाही. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये, 1927 सालच्या, मालकाचा मुलगा फ्रेडर पहिल्यांदाच तळघरातल्या कारखान्यात उतरतो. यंत्राचा स्फोट होतो, कामगार होरपळतात, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्या यंत्राचा अजस्र राक्षसी चेहरा होतो. पायऱ्या म्हणजे जीभ, वर दात, आणि माणसांच्या रांगा त्यात चालत जातायत. यंत्र खायला उठलं. रोज तिथे खपणाऱ्यांना तो चेहरा दिसत नाही. दिसतो तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला.

पुढे जर्मनीत जे झालं त्याने ही कला तिथून उखडली गेली आणि जगभर विखुरली. हिटलरला सरळ, घोटीव, निरोगी शरीरांची चित्रं हवी होती. सरकारी संग्रहालयांतून हजारोंनी चित्रं जप्त झाली आणि 19 जुलै 1937 रोजी म्युनिकमध्ये ‘विकृत कला’ नावाचं प्रदर्शन उघडलं. सुमारे 650 कलाकृती दाटीवाटीने, मुद्दाम वेड्यावाकड्या टांगलेल्या, भिंतींवर टिंगलीच्या ओळी. 20 लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिलं. किर्शनरची 600 हून अधिक कामं जप्त झाली. त्याने 1938 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आत्महत्या केली. कोलवित्झला 1933 मध्येच कला अकादमी सोडावी लागली होती. टोलर देशोधडीला लागला आणि 1939 मध्ये न्यूयॉर्कला त्याने जीव दिला. एमिल नोल्डे हा चित्रकार मात्र स्वतः नाझी पक्षाचा सदस्य होता, तरी त्याच्या हजारावर कलाकृती उचलल्या गेल्या आणि 1941 मध्ये चित्रकलेच्या व्यवसायावर बंदी आली. अभिव्यक्तिवादी म्हणजे आपोआप माणुसकीच्या बाजूचा, असं म्हणणाऱ्यांनी नोल्डे लक्षात ठेवावा.

चित्रपटवाल्यांपैकी मुर्नाऊ आधीच हॉलिवूडला गेला होता, लांग नंतर पोचला. ‘मेट्रोपोलिस’चा कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड याने 1931 मधल्या अमेरिकन ‘ड्रॅक्युला’चं छायाचित्रण केलं. पट्ट्यापट्ट्यांच्या खिडक्यांतून येणारा उजेड, ओला रस्ता, भिंतीवरची टोपीवाल्याची सावली, हे जे गुन्हेगारी चित्रपटांचं रूप आपण अमेरिकन समजतो त्यात या निर्वासितांचा हात मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कच्या पोलॉक, रॉथको यांच्या चित्रकलेला ‘अमूर्त अभिव्यक्तिवाद’ म्हणू लागले. नावात नातं आहे, पण त्यांची वाट पुष्कळ वेगळी.

काही माणसं मुंबईलाही आली. व्हिएन्नाचा चित्रकार वाल्टर लांगहामर टाइम्स ऑफ इंडियात कलाविभाग सांभाळू लागला. बर्लिनचा रुडॉल्फ फॉन लायडेन त्याच वृत्तपत्रात कलासमीक्षा लिहीत होता. व्हिएन्नाहून आलेला एमान्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घेत होता. युरोपातलं ताजं काम पाहिलेली ही तीन माणसं मुंबईच्या तरुण चित्रकारांना घरी बोलवायची, पुस्तकं दाखवायची, चित्रं घ्यायची. 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला तो या ओलाव्यात. त्यातला फ्रान्सिस न्यूटन सोझा गोव्यातल्या साळगावचा. लहानपणी देवीच्या आजारातून वाचला म्हणून आईने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नवसाला जागून त्याला ते नाव दिलं. चर्चमधला रक्ताळलेला ख्रिस्त त्याने घरच्या देवासारखा जवळून पाहिला होता. 1959 मध्ये त्याने काढलेलं क्रूसावरच्या येशूचं चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे : काळपट, काटेरी, कुठेही मऊपणा नाही. सोझाने पिकासोकडून घेतलं, आपल्या देवळांतल्या शिल्पांतून घेतलं, तेव्हा त्याला नुसता अभिव्यक्तिवादी म्हणणं अपुरं पडेल. पण त्याची रेघ किर्शनरच्या पटाशीसारखी चालते.

सिनेमात हे धागे त्याहून आधी जुळले होते. म्युनिकचा कॅमेरामन योजेफ विरशिंग 1925 मध्ये चित्रीकरणासाठी भारतात आला, पुढे बॉम्बे टॉकीजचा कॅमेरा त्याच्या हाती आला. महायुद्धात जर्मन म्हणून नजरकैदेत राहिला, सुटल्यावर 1949 चा ‘महल’ त्यानेच चित्रित केला. त्या ओसाड हवेलीतला अंधार आठवत असेल तर तो त्याचा.

आणि पुण्यात प्रभात. व्ही. शांताराम 1933 मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला गेले होते, तिथले स्टुडिओ, तिथली प्रकाशयोजना पाहून आले. कंपनी कोल्हापूरहून पुण्याला हलवल्यानंतरचा पहिला चित्रपट 1934 चा ‘अमृतमंथन’, मराठीत आणि हिंदीत. बळी देण्याची प्रथा बंद करणाऱ्या राजाविरुद्ध राजगुरू कट रचतो, अशी कथा. चंडिकेच्या देवळात मशालींच्या उजेडात गुप्त सभा भरते, खांबांच्या सावल्या माणसांहून मोठ्या दिसतात, चेहरे अर्धे उजेडात आणि अर्धे काळोखात. मग कॅमेरा राजगुरूच्या चेहऱ्यावर येतो, आणि चेहराही उरत नाही. टेलिफोटो लेन्सने जवळ ओढलेला एक डोळा पडदाभर पसरतो. इतका वेळ आपण विचारत आलो की ही नजर कुणाची. इथे ती थेट आपल्याकडेच बघते, पापणी न लवता, आणि प्रेक्षागृहात तिच्यापासून लपायला जागा नसते.